मेणाची गाठ

"घ्या बाई, तुमचं बूच झालं," म्हणत भट्टीवाल्या काकांनी तिच्या डाव्या तळहातावर धातूचा एक लंबगोल, चकचकीत गोळा ठेवला, आणि तिचा उजवा हात आपोआप मानेकडे निघाला. निघाला खरा, पण खांद्यापाशीच अडकला, कारण कालपासून तो खांदा रुसून बसला होता. मग तिने गोळा टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताने मान चाचपली. कानाखाली, जबड्याचं हाड वळतं तिथे गाठ होती. होती एवढंच कळलं. कालच्याएवढी, परवाएवढी, की कशाएवढी, ते बोटांना सांगता येईना. बोटंच अशी फुगली होती की कशालाही हात लावला तरी जाड हातमोज्यातून लावल्यासारखं वाटे.

"कसलं बूच, काका?"

"ते मला विचारता? तुम्हीच केलंय ना? मला वाटलं, टाळूला भोक असलेला कुणी पेशंट असेल. भोकाला बूच. हल्ली डॉक्टर लोक काय काय मागतील त्याचा नेम नाही. तुमच्या दिव्याच्या डावीकडे होतं, निळ्या मेणातलं होतं, मी ओतून टाकलं. पॉलिश बघा की. तोंड दिसेल त्यात."

तिने बघितलं. तोंड दिसत होतं, लांबट, मधेच फुगलेलं, डोळे दोन्ही कडांना सरकलेलं. "छान झालंय," असं ती म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो याचाच तिला वैताग आला. काका समाधानाने भट्टीच्या खोलीत परत गेले. त्यांच्या पाठीला नेहमीसारखी पांढरी पूड लागली होती. एखाद्याची गाठ धातूत ओतून दिली आहे हे त्या पाठीला काय ठाऊक.

ती नकली दात करायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत, कागदावर चार ओळी लिहून पाठवत, आणि या लांबट खोलीत सहा-सात माणसं आपापल्या दिव्यापाशी बसून कुणाची समोरची फळी, कुणाची एकुलती दाढ मेणात उभी करत. कवळीच्या हिरड्यांना गुलाबी मेण, आणि जे पुढे धातूत ओतायचं त्याला निळं. दिव्याच्या उजवीकडे अर्धवट काम, डावीकडे झालेलं. संध्याकाळी काका फेरी मारत आणि डावीकडचं निळं सगळं उचलून नेत. विचारायची पद्धत नव्हती, गरजही नव्हती. मेणाभोवती ओला साचा ओतायचा, तो भट्टीत ठेवायचा, मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू जातो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि एकदाही गोंधळ झाला नव्हता. मग काल तिचा उजवा हात वर जाईना म्हणून तिने सगळा पसारा डाव्या हाताला सोयीचा लावला, आणि उजवीकडच्या कोपऱ्यात महिनाभर कुणाच्या अध्यात ना मध्यात पडून राहिलेला निळ्या मेणाचा गोळा इतर गोष्टींबरोबर डावीकडे आला. संपलं. तिच्या आयुष्यात जी एकच वस्तू वितळून नाहीशी व्हायला हवी होती, ती काकांनी मन लावून कायमची करून दिली होती, वर पॉलिशसुद्धा करून.

मेणाचा गोळा तिने केला त्याला कारण रक्ताचे डॉक्टर. तसे ते सज्जन होते, तरुण होते, समोरच्याचं ऐकून घेताना मान किंचित तिरकी ठेवायचे. गाठीचा तुकडा तपासून आल्यावर त्यांनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं होतं, "तुमची सांध्यांची गोळी आणि ही गाठ, यांचं काहीतरी नातं असू शकतं." तिला तेव्हाच विचारावंसं वाटलं होतं की नातं म्हणजे सासरचं की माहेरचं. विचारलं नाही. तिने विचारलं, "कॅन्सर आहे का?" ते म्हणाले, "कॅन्सरसारखं आहे." आणि मग पुष्कळ वेळ समजावून सांगत राहिले. तुमच्या आजारात शरीराचा पहारा शरीरावरच उलटतो, सांध्यांना शत्रू समजतो. गोळी त्या पहाऱ्याला गुंगी देते. पण पहारा गुंगीत असला की कधीकधी, फार थोड्या लोकांत, रक्तातल्याच काही पेशी मोकाट वाढायला लागतात. दिसायला अगदी लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. पण गोळी बंद केली, पहारा जागा झाला, की बऱ्याच जणांत त्या आपणहून बसतात. "म्हणून आपण गोळी थांबवू आणि थांबून बघू. बसली तर सुटलात. नाही बसली तर मग केमोचा विचार करू." हे थांबून बघू, थांबून बघू तिने नंतर इतक्यांदा ऐकलं की ते कुणी म्हणायला तोंड उघडलं की तिला त्या तोंडातले दात आधी दिसायचे, आणि कुठला दात कुणी वाईट बसवलाय तेही.

आणि 'सारखं' म्हणजे काय? त्या दिवशी परतताना बसमध्ये ती तेच घोकत बसली होती. तिची सारी हयात सारखं करण्यात गेली होती. दातासारखे दात, हिरडीसारखी हिरडी. म्हातारीच्या दातांना वयासारखा पिवळेपणा द्यायचा, सिगारेट ओढणाऱ्याच्या एका दाताला कडेने तपकिरी रेघ मारायची, म्हणजे ते खऱ्यासारखे दिसतात. सारखं म्हणजे खरं नव्हे, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण कवळीने माणूस घास चावतो, हसतो, भांडतो. सारखं असून ते सगळं काम करतं. मग कॅन्सरसारखंही काम करतच असणार की. हे त्या तिरक्या मानेच्या सज्जनाला विचारायचं राहिलं, आणि आता पुढची भेट उद्या. आजचा बुधवार गेला की उद्या.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई जुन्या, जवळजवळ घरच्या. त्या गाठीवर बोट ठेवून म्हणाल्या होत्या, "मधल्या काळात थोडं स्टेरॉइड दिलं असतं गं, हात सुटले असते. पण त्यानेही गाठ बसते. मग कशाने बसली ते कळणार नाही." म्हणजे गाठ बसायला हवी, पण औषधाने बसता कामा नये. काही न केल्याने बसायला हवी. तोवर साधी दुखण्यावरची गोळी घ्यायची आणि हातांचं जे होईल ते होऊ द्यायचं. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि तिचा खरा संताप तोच होता. कुणी एक तरी चुकीचा असता तर त्याच्यावर ओरडता आलं असतं. देवाशी भांडावं तर तो समोर बसत नाही, आणि रोज सकाळी दिवा लावताना ती त्याच्याकडे काय मागत होती तेही तिला धड सांगता आलं नसतं. गाठ बसू दे म्हणावं तर त्याचा अर्थ गोळी कायमची गेली. गोळी परत दे म्हणावं तर त्याचा अर्थ गाठ निराळी आहे, खरीखुरी आहे. अलीकडे ती नुसती हात जोडून उभी राही. हात जोडले जात नसत, तळवे मधे पोकळ राहत, तर त्या पोकळीसकट.

मेण तिने गोळी बंद केली त्याच दिवशी हातात घेतलं होतं. कारण प्रत्येकाची गाठ वेगळी होती. नणंद म्हणाली वाटाण्याएवढी. सोनोग्राफीवाल्या मुलीने आकडे सांगितले, ते ऐकताक्षणी विसरायला झाले. रक्ताचे डॉक्टर म्हणाले द्राक्ष, सांधेवाल्या बाई म्हणाल्या छोटा बदाम. किराणा मालाचं दुकान व्हायचं तेवढं बाकी होतं. तिला स्वतःला ती खालच्या दोन दाढा शेजारी शेजारी ठेवाव्यात तशी लागत होती. तेव्हा बोटं बरी होती, कारण शेवटच्या गोळीचा अंमल अजून उतरला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तिने निळं मेण मऊ केलं, गुलाबी नको वाटलं, ते मांसासारखं दिसलं असतं, आणि एका हाताने मान, एका हाताने मेण, अशी डोळे मिटून ती बसली. मागची बाजू निमुळती. वरून सपाट. खालच्या टोकाला बारीकसा उंचवटा. पुष्कळ वेळाने डोळे उघडले तेव्हा गाठ टेबलावर होती. मन जरा हलकं झालं होतं. आता ती आणि मी वेगळ्या, असं काहीतरी वाटलं. शिवाय महिन्याने तिला मानेवरच्या गाठीशी ताडून बघता येणार होतं. कुणाच्या द्राक्ष-बदामावर विसंबायला नको. एवढी हुशारी केली, आणि बोटांचा विचार केलाच नाही. माप जपून ठेवलं आणि मापणाराच बिघडला.

सुट्टीत नणंदेचा फोन आला. नणंद बुधवारी फोन करतेच, पूर्वी विचारायची, गोळी घेतलीस का, आता विचारायला तेवढं नाही म्हणून इतर सगळं विचारते.

"काय करतेयस गं?"

"दात."

"कामावर गेलीस? वहिनी, तुला सांगितलं होतं ना, आराम कर म्हणून."

"आराम केला की हात आणखी आखडतात."

"मग हलकी हालचाल करावी."

"तीच करतेय. दात."

"चिडू नकोस. रागाने गाठ वाढते म्हणतात."

"मग फोन ठेवते."

"ऐक ना. तो हिरवा रस पाठवला होता, घेतेस ना? उपाशीपोटी?"

"झाकण उघडत नाही मला बाटलीचं."

पलीकडे नणंद गप्प झाली. ही बाई गप्प झाली की जास्त त्रास होतो, कारण मग तिचा श्वास ऐकू येतो आणि कळतं की ती रडायला आली आहे. "मी रोज तुझ्यासाठी देवापाशी बसते गं," नणंद शेवटी म्हणाली, "मला दुसरं काय येतं?" आणि तिला आपलीच लाज वाटली, आणि लाज वाटायला लावली म्हणून पुन्हा नणंदेचाच राग आला. "बाटलीला हल्ली ते दांडी दाबून उघडायचं झाकण मिळतं, ते लावून पाठव," असं ती म्हणाली. एवढंच जमलं.

दुपारभर ती एका म्हाताऱ्याची खालची कवळी लावत बसली. मेण कोरायची सुरी बोटांत धरायची असते, पेनासारखी. ती तिने मुठीत धरली, भाजी कापतात तशी. सुळा तिरका बसला. पुन्हा बसवला, पुन्हा तिरका. मालक तिच्या मागून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा काही बोलले नाहीत. गेल्या आठवड्यापासून ते तिच्याकडे सोपी कामं पाठवत होते, दुरुस्तीची, तुटलेली कवळी चिकटवायची. दया अशी हळूच पायऱ्या उतरत येते, पुढे तिचा निरोप समारंभ होतो. म्हाताऱ्याच्या साच्याकडे बघता बघता तिला आपले वडील आठवले. वडिलांची कवळी बोलताना टकटक वाजायची. ते हसताना वरच्या ओठाने ती धरून ठेवत, त्यामुळे त्यांचं हसू कायम अर्धं राहिलं, आणि ते गेल्यावर कित्येक दिवस तिला वाटायचं, कुणीतरी ती नीट करून द्यायला हवी होती. ती या कामाला लागली ती त्या टकटकीमुळे, असं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. पण या खोलीतून गेलेली तिची एकही कवळी वाजली नाही, हे तिला माहीत होतं. आणि हा तिरका सुळा वाजणार, हेही.

रोग पहिल्यांदा आला ते वर्ष तिला आता फार आठवायला लागलं होतं. सकाळी उठल्यावर दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या असत. नवरा अंथरुणाच्या कडेला बसून एकेक बोट उघडायचा, आधी अंगठा, मग तर्जनी, घाई न करता. तो काही बोलायचा नाही. तिला तेव्हा वाटायचं, याने काहीतरी बोलावं, धीर द्यावा, निदान अरेरे म्हणावं. पण त्याचा स्वभावच तसा नव्हता, आणि धंद्याने तो आणखी पक्का झाला होता. तो दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे तपासायचा. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं पेटीत घेऊन हिंडायचा, वजनाला उघडं बोट लागू द्यायचा नाही, आणि जे दिसेल त्याहून केसभर कमी-जास्त सांगायचा नाही. आरशासमोर उभं राहून तिने विचारावं, कशी दिसतेय, आणि त्याने विचार करून सांगावं, "कालच्यापेक्षा डावा गाल थोडा सुजलाय." अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे घरात कायम एक काटा उभा असतो. मग ती बुधवारची गोळी आली, बारीक, पिवळी. आठवड्यातून एकदा, चहाबरोबर. काही महिन्यांत मुठी उघडल्या. तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी तो चहाच्या बशीत गोळी ठेवायचा. अकरा वर्षांत त्याने एक बुधवार चुकवला नाही, आजारी असला तरी नाही, भांडण झालेलं असलं तरी नाही. घरात दुसरा कुठला नेम धड पाळला गेला नाही, हा एक गेला. तिला ती गोळी हळूहळू औषध वाटेनाशी झाली होती. कुणीतरी आठवड्याला एकदा हात परत देतं, अशी ती होती. आणि तीच आतून, अकरा वर्षं, दर बुधवारी, हे करत होती? असू शकतं. नातं असू शकतं.

घरी आली तेव्हा किल्ली फिरेना. किल्ली कुलपात घालून तिने दोन्ही तळव्यांमध्ये ती धरली, काडेपेटीची काडी हातात चोळावी तशी फिरवली, खांद्याने दार ढकललं. आपल्याच घरात चोरासारखं शिरायचं. पर्स खाली ठेवून ती तशीच स्वयंपाकघरात गेली. मधल्या खणात, झारे-चमच्यांच्या मागे, गोळ्यांचं पाकीट होतं. बंद झाल्यावर त्याने ते टाकलं नव्हतं, तो काही टाकत नाही. तिला पहिल्या दिवसापासून ते तिथे आहे हे माहीत होतं, आणि महिनाभर ती तो खण उघडताना बाजूला बघत आली होती. आज बघितलं. एक गोळी. एका गोळीने काय होणार आहे? उद्या डॉक्टर मान तिरकी करतील, गाठ दाबतील, द्राक्ष म्हणतील नाहीतर मनुका म्हणतील, पण सुळा तर सरळ बसेल. तिने पाकीट हातात घेतलं आणि अंगठ्याने गोळी दाबली. अंगठा वाकला नाही. टेबलाच्या कडेवर दाबून बघितलं. कागदी कातड्यामागे गोळी नुसती हलली. मग दोन्ही मनगटांच्या मधे पाकीट धरून तिने ते तोंडात घातलं आणि दातांनी ओढायला लागली, आणि ओढता ओढता तिच्या मनात आलं, निदान हे तरी स्वतःचे आहेत.

"काय करतेस?" दारात नवरा उभा होता. पेटी हातात, चपला पायांत.

तिने पाकीट तोंडातून काढलं. त्यावर दातांची खूण उमटली होती, स्वच्छ, वरची आणि खालची. "फोडून द्या," ती म्हणाली.

त्याने पेटी खाली ठेवली, चपला काढल्या, पाकीट घेतलं आणि उलटं करून बारकाईने वाचलं. "मुदत आहे हिची अजून."

"मुदत विचारली मी?"

"आज बुधवार आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे आज बुधवार आहे. म्हणून तर. डॉक्टरांचं सांगू नका मला. डॉक्टरांना म्हणावं या आणि माझं कुलूप उघडून द्या. माझा सुळा बसवून द्या. थांबून बघू म्हणतात, थांबतात ते, बघते मी."

तो उभाच राहिला. त्याचा हा उभा राहायचा प्रकार तिला जन्मभर छळत आला होता. मग तो म्हणाला, "देतो फोडून. तुझा हात, तुझी मान. आधी एवढं सांग, गाठ कशी आहे?"

"मला नाही कळत."

"म्हणजे?"

"म्हणजे बोटांना नाही कळत, अहो. रोज बघते. कधी मोठी वाटते, कधी नाहीच असं वाटतं. गाठ सुजली की बोटं सुजली तेच कळत नाही." एवढं बोलून ती खुर्चीवर बसली. महिनाभर तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पर्स ओढून तिने त्यातून तो धातूचा गोळा कसाबसा काढला आणि बशीत टाकला. बशी खणकन वाजली. "ही घ्या. ही होती तेव्हा एवढी होती." आणि तिने त्याला मेणाचं, डाव्या-उजव्याचं, काकांच्या बुचाचं सगळं सांगितलं. दुसरा कुणीही हसला असता. त्याने गोळा रुमालात धरून उचलला, तळहातावर तोलला आणि म्हणाला, "मानेतली एवढी जड नसेल."

"नसेल."

"मी बघू?"

"नको."

एवढ्या दिवसांत तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या शिकाऊ मुलांनी रांगेने मान दाबून झाल्यावर तिने ठरवलं होतं, आता बस. त्यालाही नाही.

"का नको?"

"तुम्ही खरं सांगाल."

त्यावर तो नळाशी गेला, साबण लावून हात धुतले, पुसले, बोटांच्या मधूनही पुसले, वजनांची पेटी उघडण्याआधी पुसतो तसे. परत येऊन त्याने गोळा बशीत नीट ठेवला आणि त्यावर आपला रुमाल दुहेरी करून पसरला.

"हे काय?"

"तुझ्या गाठीवर कातडी आहे. यावरही काहीतरी हवं." मग तो उजवा हात पुढे करून थबकला. "एकाच हाताने बघतो. दोन हात म्हणजे दोन काटे."

त्याने डोळे मिटले. आधी रुमालावरून बोटं फिरवली, लांबीला, रुंदीला, टोकाशी. तसंच डोळे न उघडता हात उचलला, तिच्या कानाच्या पाळीशी आणला आणि खाली उतरवला. बोटं गार होती, ओलसर, साबणाचा वास असलेली. ती बोटं गाठीवर थांबली, कडेने गेली, परत आली. तिला त्याच्या कोपराखालची निळी शीर दिसत होती, मनगटावरचं घड्याळ दिसत होतं, भिंतीवरचा डाग दिसत होता, आणि या सगळ्यांचा तिला असह्य राग येत होता, कारण ती सगळी जिथल्या तिथे होती. हात रुमालावर गेला. पुन्हा मानेवर. पुन्हा रुमालावर. किती वेळ लावावा माणसाने? भाजीवाल्याच्या काट्याला एवढा वेळ लावत असेल तर लोक याला शिव्या देत असणार. तो मानेला परत आला.

"हे मोठं आहे," तो म्हणाला.

"कुठलं हे?"

"बशीतलं."

"नीट बघा."

"बघितलं. याला खाली टोक आहे. तुझ्या त्या जागी टोक लागतच नाही. आणि लांबीला, हे माझ्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत जातं, मानेतली गाठ त्याच्या अलीकडेच संपते."

"ओतलेलं काम फुगतं," ती घाईघाईने म्हणाली. तिचा आवाज चिडका निघाला. "तुम्हाला काय माहीत. साचा भट्टीत फुगतो, मग धातू मोठा येतो. काकांचा हात तर त्यात वाईटच. त्यांचं प्रत्येक काम मला घासून बसवावं लागतं."

"एवढं फुगतं?"

"फुगतं म्हटलं ना." आणि मग तिला त्या गोळ्यातलं स्वतःचं लांबट तोंड आठवलं. तोंड दिसेल त्यात, काका म्हणाले होते. धातू भट्टीतून येतो तो काळा, खरखरीत, चिंचोक्यासारखा. त्यात तोंड दिसायचं तर त्याला चाकावर धरून घासावं लागतं, आधी जाड चाक, मग बारीक, मग कापडाचं, आणि काका एकदा चाकाला बसले की त्यांना थांबायचं कळत नाही. किती कामं त्यांनी घासून घासून ढिली करून ठेवली होती. म्हणजे बशीतला गोळा मेणापेक्षा लहान असला पाहिजे, फुगून आला असता तरी. लहान असूनही तो मानेतल्या गाठीपेक्षा मोठा होता.

तिच्या मनात सगळं एकदमच आलं आणि एकमेकांत अडकलं, दारात दोन माणसं एकाच वेळी शिरावीत तसं. बसतेय. म्हणजे गोळीच होती. म्हणजे खरं नाही, सारखं होतं. म्हणजे बशीत आता पुन्हा कधी ती गोळी येणार नाही, हा बुधवारही नाही, पुढचाही नाही. सांधेवाल्या बाई दुसरं काहीतरी देतील, ते लागू पडायला महिने जातील किंवा पडणारच नाही, आणि तोवर मालक खोलीतून जाता-येता काही न बोलता जातील. बरी बातमी आली तीही अशी, दुसऱ्या बातमीचं बोट धरून. जरा एकटी आली असती तर काय बिघडलं असतं? देवाला तरी एखादी गोष्ट सरळ हातात का देता येऊ नये? पण सकाळी हात जोडून ती काय मागत होती ते तिचं तिलाच ठरलं नव्हतं, तर त्याने तरी काय द्यावं. तिने रुमाल बाजूला केला आणि गोळा उचलून मुठीत घेतला. धातू गार होता.

नवऱ्याने पाकीट हातात घेतलं. दातांची खूण होती तिथे अंगठा ठेवला. "फोडू?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. देतो म्हणाला होता, म्हणून विचारत होता.

"वेडबिड लागलंय का तुम्हाला," ती म्हणाली. "टाका ते. खणात नाही, कचऱ्यात टाका. आणि तुमच्या बहिणीला फोन करा, नाहीतर ती रडत बसेल. पण गाठ बसली म्हणून सांगू नका. तुम्हाला वाटलं तेवढंच सांगा."

"वाटलं नाही. लागलं."

"बरं, लागलं."

त्याने पाकीट टाकलं. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग त्याने चहाचं पातेलं चढवलं, दोन कप काढले, आणि बशी पुसून घ्यायला म्हणून तिच्याकडे आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिची मूठ गोळ्यावर मिटली आहे आणि उघडत नाही. तिच्याही तेव्हाच लक्षात आलं. ती मूठ उघडायचा प्रयत्न करत होती आणि बोटं आपल्याला काही ऐकू येत नाही अशी स्वस्थ होती.

तो समोर स्टूल ओढून बसला. तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. करंगळीला हात घातला.

"आधी अंगठा," ती वैतागून म्हणाली. "अकरा वर्षांत विसरलात?"

"विसरलो," तो म्हणाला, आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.